परक्या देशाला दिलेला शब्द

गुन्हा एका राज्यांत करावयाचा आणि आश्रय दुसऱ्या राज्यांत शोधावयाचा, हा प्रकार राज्यसंस्थेइतकाच जुना आहे. अशा पळून गेलेल्या माणसाला परत मिळविण्याच्या कायदेशीर रीतीला प्रत्यार्पण म्हणतात. वरवर पाहतां हा विषय केवळ वकिलांचा वाटेल. परंतु ज्या मुंबईनें १९९३ सालचा १२ मार्च पाहिला, तिला तो परका नाहीं. त्या शुक्रवारीं दुपारीं शेअरबाजार, एअर इंडियाची इमारत, झवेरी बाजार, सेंचुरी बाजार, प्लाझा चित्रपटगृह अशा ठिकाणीं एकामागून एक बाँबस्फोट झाले. २५७ माणसें प्राणांस मुकलीं आणि ७१३ जखमी झालीं. त्या कटांतील एक आरोपी पुढें लिस्बनमध्यें सांपडला, आणि त्याला परत आणण्यासाठीं भारत सरकारला एक शब्द द्यावा लागला. त्या शब्दाचा इतिहास येथें सांगावयाचा आहे.

एकोणिसाव्या शतकांत पळून आलेल्याचा मोठा आधार म्हणजे 'राजकीय गुन्हा' ही ढाल. राजसत्तेविरुद्ध उठलेल्या माणसाला त्याच्या शत्रूच्या हवालीं करूं नये, हें तत्त्व बेल्जमनें १८३३ सालींच आपल्या कायद्यांत घातलें. परंतु १८५४ सालीं तिसऱ्या नेपोलियनची आगगाडी उडवून देण्याचा प्रयत्न झाला, आणि संशयित बेल्जममध्यें निघाले. तेव्हां त्याच बेल्जमनें १८५६ सालीं ठरविलें कीं, राज्याच्या प्रमुखाचा खून वा त्याचा प्रयत्न हा राजकीय गुन्हा समजूं नये. ढालीला पहिला तडा गेला तो असा.

महाराष्ट्राला या वादाची ओळख मार्सेय बंदरानें करून दिली. १९१० सालच्या ८ जुलैला सावरकरांनीं मोरिया बोटीवरून समुद्रांत उडी घेऊन फ्रान्सचा किनारा गांठला. पण तेथील शिपायानें त्यांना पकडून पुन्हां बोटीवर पोंचतें केलें. फ्रान्सनें तक्रार केली. १९११ सालच्या फेब्रुवारींत हेग येथील लवादानें हवालीं करण्यांत अनियमितपणा झाल्याचें मान्य केलें, पण कैदी परत करण्याचें बंधन इंग्लंडवर नाहीं, असा निर्णय दिला. आश्रयाचा हक्क किती ठिसूळ असतो, हें त्या निर्णयानें दाखविलें.

पुढें विमानें पळविणें, बाजारांत बाँब ठेवणें असे प्रकार वाढले, तेव्हां ती जुनी ढाल आणखी झिजली. १९९७ सालीं संयुक्त राष्ट्रसंघानें बाँबहल्ल्यांच्या प्रतिबंधासाठीं जो करार केला, त्यांत असे हल्ले प्रत्यार्पणाच्या कामीं राजकीय गुन्हे मानूं नयेत, असें स्पष्ट कलम आहे. परंतु एक ढाल गळून पडत असतांनाच दुसरी उभी राहत होती. ती म्हणजे देहांत शिक्षेविषयींचा युरोपचा नकार.

१९८९ सालीं युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापुढें एका जर्मन तरुणाचें प्रकरण आलें. व्हर्जिनियांतील खुनाबद्दल अमेरिका त्याला मागत होती आणि तो इंग्लंडच्या ताब्यांत होता. न्यायालयानें म्हटलें कीं, फांशीच्या कोठडींत वर्षानुवर्षें मृत्यूची वाट पाहावयास लावणें हीच अमानुष वागणूक होय. तेथें माणूस धाडणारें राज्यहि त्या दोषाचें वांटेकरी होतें. देहांत शिक्षा होणार नाहीं अशी हमी मिळाल्यावरच तो तरुण अमेरिकेच्या हवालीं झाला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानेंहि २००१ सालीं, अपवादात्मक प्रसंग सोडून, अशी हमी मागितलीच पाहिजे असा निर्णय दिला.

आतां पोर्तुगालकडे वळूं. युरोपांत देहांत शिक्षेचा त्याग करणाऱ्या राष्ट्रांत पोर्तुगाल अग्रभागीं होता. राजकीय गुन्ह्यांसाठीं १८५२ सालीं आणि सामान्य गुन्ह्यांसाठीं १८६७ सालीं त्यानें ती शिक्षा रद्द केली. फ्रेंच साहित्यिक व्हिक्तोर ह्यूगो यानें त्याबद्दल त्या राष्ट्राचें अभिनंदन केलें होतें. १८७० सालीं हा नियम समुद्रापलीकडील प्रांतांनाहि लागू झाला, आणि त्यांत आपलें गोवें आलें. पुढें १८८४ सालीं जन्मठेपहि गेली. १९७६ च्या राज्यघटनेनें कोणत्याहि परिस्थितींत देहांत शिक्षा असणार नाहीं असें बजावलें. तेथें तुरुंगवासाची कमाल मर्यादा २५ वर्षें आहे.

अशा देशांत २००२ सालच्या सप्टेंबरांत अबू सालेम पकडला गेला. मुंबईच्या स्फोटांपूर्वीं शस्त्रांची ने-आण केल्याचा आरोप त्याच्यावर होता. भारत आणि पोर्तुगाल यांच्यामध्यें त्या वेळीं प्रत्यार्पणाचा स्वतंत्र करार नव्हता. म्हणून वर सांगितलेल्या १९९७ च्या कराराचा आधार घ्यावा लागला. १७ डिसेंबर २००२ रोजीं तत्कालीन उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनीं लेखी हमी दिली कीं, या आरोपीला देहांत शिक्षा होणार नाहीं आणि २५ वर्षांहून अधिक काळ तुरुंगांत ठेवलें जाणार नाहीं. पोर्तुगालच्या न्यायालयांत दीर्घकाळ वाद चालून २००५ च्या नोव्हेंबरांत तो मुंबईंत आणला गेला.

ही हमी सरकारनें केवळ सौजन्यानें दिली, असें मात्र समजूं नये. आपल्या १९६२ च्या प्रत्यार्पण कायद्यांत १९९३ सालीं एक कलम घालण्यांत आलें होतें. हवालीं करणाऱ्या देशाच्या कायद्यांत त्या गुन्ह्याला देहांत शिक्षा नसेल, तर आपल्याकडे जन्मठेपच द्यावी, असें तें सांगतें. फांशीचा प्रश्न अशा रीतीनें कायद्यानेंच सोडविला होता; २५ वर्षांची मर्यादा हा त्यावरचा राजनैतिक शब्द होता.

शब्द देणें सोपें, पाळणें कठीण. ज्या आरोपांसाठीं माणूस हवालीं केला, त्यांपलीकडचे आरोप त्याच्यावर ठेवूं नयेत, हा प्रत्यार्पणाचा दुसरा नियम. आपल्या पोलिसांनीं कांहीं आरोप वाढविले. आपल्या सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालीं तें चालण्याजोगें मानलें, पण पोर्तुगालच्या न्यायालयांनीं त्यांत शर्तीचा भंग पाहिला. अखेर २०१३ सालीं सरकारच्या विनंतीवरून त्यांपैकीं कांहीं आरोप मागें घेण्यास न्यायालयानें परवानगी दिली. २०१७ सालच्या सप्टेंबरांत विशेष न्यायालयानें सालेमला जन्मठेप दिली. त्याच निकालांत दुसऱ्या दोघांना मात्र फांशी सुनावली गेली.

येथेंच सामान्य माणसाच्या मनाला टोंचणी लागते. याच कटाबद्दल याकूब मेमन याला ३० जुलै २०१५ रोजीं नागपूरच्या तुरुंगांत फांशी झाली. ज्यांना येथेंच पकडलें त्यांच्यापुढें दोर, आणि जो समुद्रापलीकडे पळाला त्याला मुदतीचा हिशेब! ज्यांच्या घरचीं माणसें त्या शुक्रवारीं परतलीं नाहींत, त्यांनीं हा न्याय कसा समजावा?

हा प्रश्न खरा आहे. परंतु त्याचें उत्तर शब्द मोडण्यांत नाहीं. सरकारनें हमी नाकारली असती तर आरोपीला अधिक कडक शिक्षा झाली नसती. मुंबईच्या न्यायालयापुढें तो उभाच राहिला नसता. शिवाय उद्यां दुसऱ्या एखाद्या देशाच्या दारीं आपल्याला पुन्हां जावें लागेल, आणि तेव्हां त्या देशाचा न्यायाधीश पहिल्या शब्दाचें काय झालें हें विचारील. सर्वोच्च न्यायालयानें ११ जुलै २०२२ रोजीं हाच समतोल साधला. सरकारच्या हमीनें न्यायालयाचा शिक्षा देण्याचा अधिकार बांधला जात नाहीं, म्हणून जन्मठेप कायम. पण राष्ट्राचा शब्द सरकारवर बंधनकारक आहे, म्हणून २५ वर्षें भरतांच घटनेच्या ७२ व्या कलमाखालीं राष्ट्रपतींना योग्य तो सल्ला सरकारनें दिला पाहिजे. मुदत १२ ऑक्टोबर २००५ पासून मोजावयाची. त्या हिशेबानें ती २०३० सालीं भरते.

राहिला प्रश्न विषमतेचा. तो प्रत्यार्पणानें उत्पन्न केलेला नाहीं, केवळ उघडा पाडलेला आहे. 'दुर्मिळांतील दुर्मिळ' प्रसंगींच फांशी द्यावी, असें आपलें सर्वोच्च न्यायालय १९८० पासून सांगत आलें आहे. आणि २०१३ सालीं याच स्फोटांच्या खटल्यांत त्यानें दहा जणांची फांशी जन्मठेपेंत बदलली होती. म्हणजे आपल्याच न्यायासनांत या शिक्षेविषयीं पदोपदीं विचार पालटतो. मेमनच्या फांशीनंतर एका महिन्यानें विधि आयोगानें देहांत शिक्षा रद्द करण्याची शिफारस केली, पण दहशतवाद आणि राष्ट्राविरुद्ध युद्ध हे गुन्हे वगळून. नेमक्या याच गुन्ह्यांचे आरोपी सीमा ओलांडून जातात, आणि नेमक्या याच ठिकाणीं परदेशी न्यायालयें हमी मागतात. तेव्हां आयोगानें जो अपवाद राखला, तो येथें सांपडलेल्यांपुरताच उरतो. एकाच कटांत एकाचा प्राण जावा आणि दुसऱ्याचा वांचावा, हें गुन्ह्याच्या घोरपणावर ठरावें कीं अटक कोणत्या शहरांत झाली यावर, याचा निर्णय लिस्बनचें न्यायालय आपल्यासाठीं करणार नाहीं. तो आपल्या विधिमंडळालाच करावा लागेल.