बीडमध्ये हरलेला पक्ष परत कसा येतो?

१३ मे २०२४ ला बीड लोकसभेसाठी मतदान झालं. सुमारे ७१ टक्के लोकांनी मत दिलं. निकालात राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाचे बजरंग सोनवणे यांनी भाजपच्या पंकजा मुंडे यांना ६,५५३ मतांनी हरवलं. या मतदारसंघात दोन हजारांहून अधिक मतदान केंद्रं आहेत. म्हणजे केंद्रामागे सरासरी तीनच्या आसपास मतांनी बीडचा खासदार ठरला.

याच सोनवणेंना २०१९ मध्ये प्रीतम मुंडे यांनी दीड लाखांहून अधिक मतांनी हरवलं होतं. मग पाच वर्षांत गेलेला मतदार परत आला कसा? आणि अवघ्या सहा महिन्यांनी, नोव्हेंबरच्या विधानसभेत, त्याच पक्षाला जिल्ह्यातल्या सहापैकी एकच जागा का मिळाली?

बीडचा मतदार कुणाचाच कायमचा नाही

गेवराई, माजलगाव, बीड, आष्टी, केज आणि परळी हे जिल्ह्यातले सहा विधानसभा मतदारसंघ. २००९ मध्ये यातल्या पाच जागा राष्ट्रवादीकडे होत्या, भाजपकडे फक्त परळी. २०१४ मध्ये चित्र बरोबर उलटं झालं. भाजपकडे पाच जागा आल्या, राष्ट्रवादीकडे फक्त बीड उरलं. २०१९ मध्ये राष्ट्रवादी चार, भाजप दोन. २०२४ मध्ये अजित पवारांच्या राष्ट्रवादीला तीन, भाजपला दोन आणि शरद पवारांच्या पक्षाला एक.

मागे गेलं तर हा स्वभाव जुना आहे. १९६७ मध्ये बीडने क्रांतिसिंह नाना पाटील यांना भाकपचे खासदार म्हणून दिल्लीला पाठवलं. ते मूळचे आताच्या सांगली जिल्ह्यातले. १९७७ मध्ये माकपचे गंगाधरअप्पा बुरांडे निवडून आले, १९८९ मध्ये जनता दलाचे बबनराव ढाकणे. मधल्या काळात काँग्रेसच्या केशरबाई क्षीरसागर, १९९६ मध्ये भाजपकडून रजनी पाटील. ‘अमक्याचा बालेकिल्ला’ हा शब्द बीडबद्दल वापरताना त्यामुळे जरा जपूनच वापरावा लागतो.

मतदार परत येतो की पुढारी?

पक्षाने मतदार परत मिळवले असं आपण म्हणतो, तेव्हा अनेकदा पुढारी इकडून तिकडे गेलेला असतो. जयसिंगराव गायकवाड १९९८ आणि १९९९ मध्ये भाजपचे खासदार होते, २००४ मध्ये तेच राष्ट्रवादीकडून निवडून आले. सुरेश धस २००९ मध्ये राष्ट्रवादीचे आमदार. २०१४ च्या लोकसभेला ते गोपीनाथ मुंडे यांच्याविरुद्ध राष्ट्रवादीचे उमेदवार होते आणि २०२४ मध्ये आष्टीतून भाजपचे आमदार झाले. २०१४ मध्ये राष्ट्रवादीची जिल्ह्यातली एकमेव जागा राखणारे जयदत्त क्षीरसागर २०१९ मध्ये शिवसेनेत गेले आणि त्या निवडणुकीत पुतणे संदीप क्षीरसागर यांच्याकडून थोडक्यात हरले.

खुद्द सोनवणेही पक्षफुटीनंतर अजित पवारांसोबत होते. लोकसभेच्या तोंडावर, मार्च २०२४ मध्ये, ते शरद पवारांकडे परतले.

पुढारी फोडणं हा मतं मिळवण्याचा झटपट मार्ग आहे, यात शंका नाही. पण त्याने मिळालेली मतं त्या पुढाऱ्याची असतात. तो गेला की तीही जातात. शिवाय ज्या कार्यकर्त्याने कालपर्यंत त्याच पुढाऱ्याविरुद्ध गावात वाईटपणा घेतला, त्याला आज त्याच्याच सभेत सतरंज्या उचलाव्या लागतात. तो कार्यकर्ता पुढच्या वेळी घरीच बसतो आणि हे कुठल्याही आकडेवारीत दिसत नाही.

परळी: २०१४ ते २०१९

हरल्यावर जागेवर राहून परत येण्याचं जिल्ह्यातलं ठळक उदाहरण परळीचं आहे. २०१४ मध्ये धनंजय मुंडे चुलत बहीण पंकजा यांच्याकडून परळीत हरले. पुढची पाच वर्षं ते विधान परिषदेत विरोधी पक्षनेते होते, त्यामुळे राज्यभर नाव होत राहिलं. पण परळीतलं काम वेगळं होतं. २०१६ च्या अखेरीस राष्ट्रवादीने परळी नगरपरिषद जिंकली. नळाला पाणी, घरकुलाची यादी, नालीचं काम या गोष्टींसाठी लोक ज्याच्या दारात जातात, तो माणूस पक्षाचा असणं म्हणजे काय, हे तिथे दिसलं. २०१९ मध्ये धनंजय मुंडे ३०,७०१ मतांनी जिंकले.

म्हणजे विधानसभेची वाट नगरपरिषद, पंचायत समिती आणि बाजार समितीतून जाते. मात्र याची दुसरी बाजूही आहे. दारात जावं लागणारा माणूस एकच उरला, की मतदार त्याच्यावर खूश आहे की त्याला घाबरून आहे, हे बाहेरून ओळखता येत नाही.

२०२४ चा उन्हाळा आणि पिपाणी

लोकसभेला सर्वात मोठा मुद्दा आरक्षणाचा होता. मनोज जरांगे पाटील मूळचे बीड जिल्ह्यातल्या मातोरीचे. जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत त्यांच्या उपोषणावेळी १ सप्टेंबर २०२३ ला लाठीमार झाला आणि मराठवाडा पेटला. ३० ऑक्टोबर २०२३ ला माजलगावात प्रकाश सोळंके आणि बीडमध्ये संदीप क्षीरसागर या आमदारांची घरं जाळण्यात आली. त्यानंतरची निवडणूक मराठा आणि वंजारी-ओबीसी अशी विभागली जाणार हे उघडच होतं. परळी आणि आष्टीने पंकजा मुंडेंना आघाडी दिली, बीड आणि गेवराईने सोनवणेंना.

या निवडणुकीतली एक गोष्ट मात्र जातीच्या गणितात बसत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये निवडणूक आयोगाने राष्ट्रवादीचं नाव आणि घड्याळ अजित पवारांना दिलं. शरद पवारांच्या पक्षाला ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे चिन्ह मिळालं. बीडमध्ये एका अपक्षाचं चिन्ह होतं नुसती तुतारी, लोकांच्या भाषेत पिपाणी. त्या अपक्षाला ५४ हजारांहून अधिक मतं पडली. त्यातली किती चुकून पडली हे सांगता येणार नाही. पण साताऱ्यात पिपाणीला विजयाच्या फरकापेक्षा जास्त मतं गेली आणि तिथे शरद पवारांचा उमेदवार हरला. मन वळवलेला मतदार यंत्रासमोर बरोबर बटणापर्यंत पोहोचवणं हेसुद्धा पक्षाचंच काम असतं.

सहा महिन्यांत काय बदललं?

जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना सुरू झाली आणि महिलांच्या खात्यात दरमहा १,५०० रुपये जमा होऊ लागले. एकेकाळी एकमेकांविरुद्ध लढलेले दोन्ही मुंडे आता एकाच महायुतीत होते. ४ नोव्हेंबरला जरांगे यांनी आपण उमेदवार देणार नसल्याचं जाहीर केलं. उन्हाळ्यात एका नावाविरुद्ध एकवटलेलं मत सहा वेगवेगळ्या लढतींत विखुरलं.

तरीही निकाल दिसतो तितका एकतर्फी नव्हता. धनंजय मुंडे परळीत सुमारे १ लाख ४० हजार मतांनी जिंकले, पण केज, माजलगाव आणि बीड या तीन जागांचा निकाल प्रत्येकी सहा हजारांच्या आत लागला. केजमध्ये तर फरक तीन हजारांहून कमी होता.

कोयता निघून गेल्यावर मतदान

या फरकांच्या शेजारी एक तारीख ठेवून पाहिली पाहिजे. २००९, २०१४ आणि २०१९ या तिन्ही विधानसभांचं मतदान ऑक्टोबरात झालं. २०२४ चं मतदान २० नोव्हेंबरला झालं आणि त्या वर्षीचा गाळप हंगाम १५ नोव्हेंबरपासून होता.

बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दसरा-दिवाळीनंतर मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी (यांना ‘कोयता’ म्हणतात) पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडावरच परततात. त्यांची नावं मात्र गावच्या मतदार यादीत असतात. सैनिक, निवडणूक कर्मचारी, ८५ वर्षांवरील वृद्ध आणि दिव्यांग यांना टपाली किंवा घरून मतदानाची सोय आहे. स्थलांतरित मजुराला नाही. जानेवारी २०२३ मध्ये आयोगाने दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना पक्षांपुढे ठेवला होता, पण पक्षांनी आक्षेप घेतले आणि विषय तिथेच राहिला. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५-ब नुसार मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी मिळायला हवी. पण सांगली-कोल्हापूरच्या फडातून केजला एका दिवसात जाऊन कोण येणार? त्यामुळे उमेदवार गाड्या पाठवतो आणि ज्याची गाडी, त्याला मत देण्याचं ओझं मजुरावर येतं.

या मतदाराला जिंकायचं तर पक्षाकडे मांडण्यासारखे मुद्दे भरपूर आहेत. २०१९ मध्ये विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत, जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढल्याचं आढळलं. जानेवारी २०२४ मध्ये तोडणी दरात ३४ टक्के वाढ झाली. त्या लवादात शरद पवार आणि पंकजा मुंडे दोघेही होते. चारच महिन्यांनी दोघांचे पक्ष समोरासमोर लढले. पण प्रचारात मजुरीपेक्षा आडनावाचीच चर्चा जास्त झाली.

लोकशाही वाचवायची म्हणजे नेमकं काय करायचं?

२० नोव्हेंबरला परळी मतदारसंघातल्या घाटनांदूर इथे मतदान केंद्रात घुसून यंत्रांची तोडफोड झाली. केंद्र बळकावल्याचे आरोप जिल्ह्यात लोकसभेच्या वेळीही झाले होते. अशा आरोपांवर पत्रकार परिषद घेता येते, पण कायद्याने पक्षाच्या हातात त्याहून बरंच काही दिलं आहे.

मतदान सुरू होण्यापूर्वी प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांचं अभिरूप मतदान होतं. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्षाने उपस्थित प्रत्येक मतदान प्रतिनिधीला नमुना १७-क ची प्रत द्यायची असते. त्यात त्या केंद्रावर एकूण किती मतं नोंदली गेली ते लिहिलेलं असतं. मोजणीच्या दिवशी यंत्रातला आकडा याच कागदाशी ताडून पाहायचा. यादीतून नाव वगळण्यासाठी आलेल्या नमुना ७ च्या अर्जांवरही पक्षाचा केंद्रस्तरीय प्रतिनिधी लक्ष ठेवू शकतो. पण हे सगळं तो माणूस संध्याकाळपर्यंत केंद्रात बसून राहिला तरच होतं. दमदाटी झालेल्या गावात दिवसभर बसणारा माणूस मिळणं, ही खरी अडचण आहे.

ती किती खरी आहे हे ९ डिसेंबर २०२४ ला दिसलं. केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून खून करण्यात आला. पवनचक्की कंपनीकडून मागितलेल्या दोन कोटींच्या खंडणीशी हे प्रकरण जोडलेलं असल्याचा तपास यंत्रणेचा दावा आहे. देशमुख आपल्या पक्षाचे बूथप्रमुख होते, असं पंकजा मुंडे यांनी सांगितलं. आरोपींमध्ये धनंजय मुंडे यांचे निकटवर्ती वाल्मिक कराड यांचं नाव आलं. मुंडे यांनी ४ मार्च २०२५ ला मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

२८ डिसेंबरला बीडमध्ये निघालेल्या मोर्चात सत्ताधारी आणि विरोधी, दोन्हीकडचे आमदार होते. पुढे पोलिसांनी नावाच्या पट्ट्यांवरून आडनावं काढून टाकली, शस्त्र परवान्यांची तपासणी होऊन शंभराहून अधिक परवाने रद्द झाले. प्रशासनाने आपल्या परीने काही केलं. पक्षांना काय करायचं हे सर्वोच्च न्यायालयाने आधीच सांगून ठेवलं होतं. १३ फेब्रुवारी २०२० च्या आदेशानुसार, गुन्हे दाखल असलेल्या व्यक्तीला उमेदवारी दिली तर ४८ तासांत ते जाहीर करायचं आणि स्वच्छ उमेदवार का मिळाला नाही याचं कारण द्यायचं. ‘निवडून येण्याची क्षमता’ हे कारण चालणार नाही. पक्षांच्या संकेतस्थळांवर हे तक्ते सापडतात. ‘समाजसेवेची आवड’ छापाची उत्तरं त्यात भरपूर असतात.

मधली शिडीच काढली तर

परळीने २०१६ ते २०१९ मध्ये जी शिडी वापरली, ती दरम्यान काढून घेतली गेली. मार्च २०२२ मध्ये बीड जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि ओबीसी आरक्षणाच्या खटल्यात निवडणुका अडकल्या. सदस्यांच्या जागी प्रशासक आला. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने राज्यातल्या रखडलेल्या स्थानिक निवडणुका घेण्याचा आदेश दिला, तोवर तीन वर्षं उलटून गेली होती. या काळात शाळेच्या छताची तक्रार घेऊन जायला गटात निवडून आलेला सदस्य नव्हता आणि हरलेल्या पक्षाला तळापासून पुन्हा सुरुवात करायला निवडणूकही नव्हती. गावात निवडून आलेला माणूस म्हणून उरला तो सरपंच, आणि मस्साजोगमध्ये मारला गेला तो सरपंचच.