ब्राउझरयुद्ध

वेबपाने पाहण्याच्या सॉफ्टवेअरची बाजारपेठ काबीज करण्यासाठी नेटस्केप कम्युनिकेशन्स आणि मायक्रोसॉफ्ट या दोन अमेरिकी कंपन्यांत १९९५ ते १९९८ या काळात झालेली स्पर्धा. नेटस्केपचा नॅव्हिगेटर आणि मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्स्प्लोरर हे त्यातले प्रतिस्पर्धी. दोहोंत सरस कोणता, यावर तेव्हाच्या संगणक मासिकांनी भरपूर शाई खर्च केली. निकाल लागला तो मुख्यतः ब्राउझर ग्राहकाच्या संगणकापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचतो यावर, आणि ती वाट मायक्रोसॉफ्टच्या अंगणातून जात होती.

इलिनॉय विद्यापीठाच्या महासंगणक केंद्रात मार्क अँड्रीसन, एरिक बिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मोझेइक हा ब्राउझर तयार केला. मजकुरासोबत त्याच पानात चित्रे दाखवणारा आणि बसवायला सोपा म्हणून तो झपाट्याने पसरला. सिलिकॉन ग्राफिक्सचे संस्थापक जिम क्लार्क यांनी अँड्रीसनला हाताशी धरून एप्रिल १९९४ मध्ये मोझेइक कम्युनिकेशन्स ही कंपनी काढली. विद्यापीठाने नावाला हरकत घेतल्यावर तिचे नाव नेटस्केप झाले. डिसेंबर १९९४ मध्ये नॅव्हिगेटरची पहिली आवृत्ती आली.

पुढे मायक्रोसॉफ्टने सारे फुकट वाटून बाजार नासवला, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. पण फुकटाची सवय आधी नेटस्केपनेच लावली होती. विद्यार्थी आणि शिक्षणसंस्थांना नॅव्हिगेटर मोफत होता. चाचणी आवृत्त्या कुणीही उतरवून घ्याव्यात. इतरांनी आधी वापरून पाहावे आणि मग ३९ डॉलर भरावेत, अशी रीत होती. घरगुती वापरणाऱ्यांच्या मागे वसुलीसाठी कुणी लागत नसे. खरी कमाई कंपन्यांना विकलेल्या परवान्यांतून आणि सर्व्हर सॉफ्टवेअरमधून व्हायची. आधी पसारा, मग पैसा हा पुढच्या डॉटकॉम कंपन्यांचा मंत्र इथूनच रूढ झाला. ९ ऑगस्ट १९९५ रोजी नेटस्केपचे समभाग प्रथमच बाजारात आले, तेव्हा कंपनी जेमतेम सोळा महिन्यांची होती आणि नफ्याचा पत्ता नव्हता. २८ डॉलरना विकलेला समभाग दिवसअखेर ५८.२५ डॉलरवर बंद झाला. पुढच्याच आठवड्यात, १५ ऑगस्टला, विदेश संचार निगमने मुंबईसह भारतातल्या मोठ्या शहरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्या सेवेच्या स्वस्त विद्यार्थी खात्यावर मात्र नुसती अक्षरेच दिसत.

मायक्रोसॉफ्टला उशिरा जाग आली, पण आली ती पुरती. २६ मे १९९५ च्या अंतर्गत टिपणात बिल गेट्स यांनी इंटरनेटला अग्रक्रम दिला आणि नेटस्केपचे नाव घेऊन धोका सांगितला. ब्राउझरवरच सगळी कामे होऊ लागली तर खाली विंडोज आहे की आणखी काही, याची फिकीर कोण करणार, ही ती भीती. २१ जून १९९५ रोजी दोन्ही कंपन्यांची बैठक झाली. विंडोज ९५ चा बाजार आम्हाला सोडा, असे मायक्रोसॉफ्टने सुचवल्याचे नेटस्केपचे म्हणणे होते. मायक्रोसॉफ्टने ते नाकारले. न्यायालयाने पुढे नेटस्केपची बाजू ग्राह्य धरली.

त्या काळच्या व्यवहाराचा नमुना म्हणून स्पायग्लासचे प्रकरण पाहण्यासारखे आहे. मोझेइकचे व्यापारी हक्क विद्यापीठाने या छोट्या कंपनीला दिले होते. इंटरनेट एक्स्प्लोररचा पाया मायक्रोसॉफ्टने तिच्याकडूनच परवान्याने घेतला. ठरावीक तिमाही रक्कम आणि विक्रीच्या उत्पन्नात वाटा, असा करार होता. मायक्रोसॉफ्टने ब्राउझर विकलाच नाही, विंडोजबरोबर देऊन टाकला. उत्पन्न शून्य, त्यामुळे वाटाही शून्य. करारातले एक अक्षरही न मोडता साधलेली ही किमया होती. स्पायग्लासने आवाज उठवल्यावर १९९७ मध्ये ८० लाख डॉलरवर तडजोड झाली.

संगणक उत्पादकांवरचा दबाव मात्र उघड होता. कॉम्पॅकने आपल्या प्रिसॅरिओ संगणकांवरून इंटरनेट एक्स्प्लोररचे चिन्ह काढताच १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिचा विंडोजचा परवाना रद्द करण्याची नोटीस बजावली. विंडोजशिवाय संगणक विकणार कसा? चिन्ह मुकाट्याने परत आले. अमेरिका ऑनलाइन ऊर्फ एओएल या सर्वांत मोठ्या इंटरनेट सेवेच्या बाबतीत आमिष दाखवले गेले. मार्च १९९६ मध्ये एओएलने नेटस्केपशी करार जाहीर केला आणि दुसऱ्याच दिवशी मायक्रोसॉफ्टशी. दुसऱ्या करारानुसार एओएलच्या लाखो ग्राहकांचा मुख्य ब्राउझर इंटरनेट एक्स्प्लोरर ठरला. मोबदल्यात एओएलला विंडोजच्या पडद्यावर जागा मिळाली. त्यासाठी मायक्रोसॉफ्टने आपल्याच एमएसएन या सेवेच्या पोटावर पाय दिला. नेटस्केपकडे देण्यासारखी अशी जागाच नव्हती.

तरीही केवळ दांडगाईने बाजी मारली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मायक्रोसॉफ्ट ब्राउझरवर वर्षाला १० कोटी डॉलरहून अधिक खर्च करत होती, आणि १९९७ ची चौथी आवृत्ती अनेक बाबतींत नेटस्केपच्या तोडीस तोड होती. तिच्या प्रकाशनाच्या रात्री मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी माउंटन व्ह्यू इथल्या नेटस्केपच्या हिरवळीवर इंटरनेट एक्स्प्लोररच्या चिन्हातला भलामोठा ‘ई’ आणून ठेवला. नेटस्केपवाल्यांनी तो आडवा पाडून त्यावर मोझिला हा आपला बोधचिन्हातला डायनोसॉर उभा केला आणि पाटी लावली: नेटस्केप ७२, मायक्रोसॉफ्ट १८. हे बाजारातल्या वाट्याचे आकडे होते. नेटस्केपचा वाटा मात्र घसरतच गेला.

वेबपाने बनवणाऱ्यांचे या लढाईत हाल झाले. नेटस्केपने अक्षरे लुकलुकवण्याची सोय दिली, तर मायक्रोसॉफ्टने ती सरकवण्याची, आणि एकाची करामत दुसऱ्याला कळेना. मराठी संकेतस्थळांना याची झळ अधिक बसली. युनिकोड रुळण्यापूर्वी प्रत्येक स्थळाचा फॉन्ट वेगळा असे. पानासोबतच फॉन्ट पाठवण्याची मायक्रोसॉफ्टची पद्धत निराळी, नेटस्केपची निराळी. दोन्हींची तजवीज करणे खर्चाचे, म्हणून अनेकांनी इंटरनेट एक्स्प्लोररपुरतेच भागवले. हे पान याच ब्राउझरमध्ये पाहावे, ही सूचना सरकारी संकेतस्थळांवर युद्ध संपल्यावरही बरीच वर्षे टिकून होती.

जानेवारी १९९८ मध्ये नेटस्केपने ब्राउझर मोफत केला आणि त्याची मूळ संहिता खुली करण्याचे जाहीर केले; ३१ मार्चला ती खुली झाली. त्यातून उभ्या राहिलेल्या मोझिला प्रकल्पाने २००४ मध्ये फायरफॉक्स दिला. नोव्हेंबर १९९८ मध्ये एओएलने ४.२ अब्ज डॉलरच्या समभागांच्या बदल्यात नेटस्केप घेण्याचे ठरवले. गंमत म्हणजे, मायक्रोसॉफ्टशी असलेला करार सांभाळत एओएल आपल्या ग्राहकांना इंटरनेट एक्स्प्लोररच देत राहिली.

अमेरिकी सरकार आणि राज्यांनी १८ मे १९९८ रोजी मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीविरोधी खटला भरला. गेट्स यांच्या चित्रित जबानीतली टाळाटाळ न्यायालयात दाखवली गेली आणि कंपनीला भोवली. न्यायाधीश थॉमस पेनफिल्ड जॅक्सन यांनी जून २००० मध्ये कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश दिला. खटला चालू असताना ते पत्रकारांशी खाजगीत बोलल्याचे उघड झाले होते. जून २००१ मध्ये अपील न्यायालयाने विभाजन रद्द करून त्यांना प्रकरणातून दूर केले. बेकायदा मार्गांनी मक्तेदारी टिकवल्याचा ठपका मात्र कायम ठेवला. त्याच वर्षी सरकारशी तडजोड झाली. नेटस्केपच्या नुकसानीपोटी एओएलने भरलेला दावा २००३ मध्ये ७५ कोटी डॉलरवर मिटला. त्या तडजोडीत एओएलला इंटरनेट एक्स्प्लोरर सात वर्षे विनाशुल्क वापरण्याचा परवानाही मिळाला.