विलायतेचें भाडें

गेल्या वैशाखांत एके दिवशीं संध्याकाळीं शिरपूर तालुक्यांतील एक शेतकरी गृहस्थ आपल्या कन्येसह आमच्या धुळ्याच्या घरीं आले. मुलगी आमचीच विद्यार्थिनी. पुढील अभ्यासासाठीं लंडनच्या एका विद्यापीठांत तिला प्रवेश मिळाला होता, आणि ती वार्ता सांगतांना तिच्या मुखावर आनंदापेक्षां संकोचच अधिक दिसत होता. गृहस्थांनीं पाणी घेतलें, थोडा वेळ स्वस्थ बसले, आणि मग म्हणाले, "सर, विमानाचं तिकीट पाऊण लाखात मिळतं असं पोरगी सांगते. मग त्यापायी जमीन विकायची वेळ का यावी?"

प्रश्न साधा होता, पण त्याचें उत्तर आम्हांस तत्काळ देतां आलें नाहीं. विद्यार्थ्यांस इतिहास शिकवितांना आम्ही वारंवार सांगतों कीं, वस्तूचा भाव आणि वस्तूची किंमत या दोन गोष्टी सदैव एकच नसतात. हें तत्त्व विलायतेच्या प्रवासास जितकें लागू पडतें तितकें क्वचितच दुसऱ्या कशास पडत असेल. गेल्या अडीचशें वर्षांत मराठी माणसानें लंडनच्या वाटेवर काय काय मोजलें, याचा थोडा हिशेब मांडून पाहावा, या हेतूनें हे चार शब्द लिहीत आहों.

प्रथम आमच्या प्रांताची एक मौजेची गोष्ट सांगितली पाहिजे. विलायतेस खानदेशचा माणूस जाण्याच्या पुष्कळ आधीं खानदेशचा कापूस गेला! इ. स. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेनासा झाला, आणि मुंबईच्या बाजारांत कापसाचे भाव कित्येक पटींनीं चढले. त्याच दशकांत जी. आय. पी. रेल्वेचे रूळ घाट ओलांडून चाळीसगांव, जळगांव, भुसावळ या मार्गानें पुढें गेले. आमचें धुळें चाळीसगांवास रुळानें जोडलें गेलें तें १९०० सालीं. मालाची वाट अशी सरकारनें आणि व्यापाऱ्यांनीं बांधून दिली. माणसाची वाट मात्र ज्याची त्यानें शोधावयाची होती.

ती वाट किती महाग होती हें पाहूं. इ. स. १७८१ मध्यें राघोबादादांचा वकील हणमंतराव हा ब्राह्मण गृहस्थ पारशी सोबत्यांसह इंग्लंडांत गेला. आगबोट नव्हती, सुएझचा कालवा नव्हता. आफ्रिकेस वळसा घालून जाणाऱ्या शिडाच्या जहाजास महिनेच्या महिने लागत. तिकडे गेल्यावर सोवळ्याच्या स्वयंपाकाची पंचाईत झाली, तेव्हां एडमंड बर्क यानें आपल्या बीकन्सफील्ड येथील बागेंतील काचगृह त्यांस मोकळें करून दिलें. स्वदेशीं परतल्यावर हणमंतरावास प्रायश्चित्त घ्यावें लागलें. जहाजाचें भाडें धन्यानें दिलें असेल. पण जातीच्या दरबारांतील भाडें त्याचें त्यासच भरावें लागलें.

दुसरें उदाहरण याहून करुण आहे. इ. स. १८३९ मध्यें साताऱ्याचे छत्रपति प्रतापसिंह महाराज यांस कंपनी सरकारनें पदच्युत केलें, आणि त्यांची दाद मागण्यासाठीं रंगो बापूजी लंडनास गेले. जातांना त्यांनीं किती महिन्यांचा खर्च धरला असेल? त्यांस तेथें लागलीं सुमारें चौदा वर्षें! १८४७ सालीं महाराज काशीस निवर्तले, पुढें साताऱ्याचें राज्यही खालसा झालें; तरी हा एकनिष्ठ सेवक परक्या नगरींत अर्ज लिहीत आणि कर्ज काढीत राहिला. अखेर १८५३ च्या सुमारास ज्या कंपनीविरुद्ध ते भांडत होते तिच्याच मदतीनें त्यांस परत यावें लागलें. प्रवासापेक्षां मुक्काम महाग पडतो, हा धडा रंगो बापूजींनीं आपल्या आयुष्याची चौदा वर्षें देऊन आम्हांस शिकविला आहे.

१७ नोव्हेंबर १८६९ रोजीं सुएझचा कालवा खुला झाला आणि आगबोटींनीं महिन्यांचा प्रवास आठवड्यांवर आणिला. आतां मध्यम वर्गांतील बुद्धिमान तरुणांस विलायत अशक्य राहिली नाहीं. पण सोपीही झाली नाहीं. आमच्यासारख्या प्राध्यापकास ज्याचा दाखला विशेष जवळचा वाटावा असे गृहस्थ म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मुंबईच्या सिडेनहॅम कॉलेजांत दरमहा ४५० रुपये वेतनावर ते अध्यापक होते. अपुरा राहिलेला लंडनचा अभ्यास पुरा करावा म्हणून त्यांनीं काटकसरीनें पैसा सांठविला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं साहाय्य केलें. आणि तरीही कमी पडले तेव्हां नवल भथेना या पारशी स्नेह्याकडून पांच हजार रुपये कर्ज घेऊन ते १९२० सालीं निघाले. पांच हजार म्हणजे त्यांचें स्वतःचें अकरा महिन्यांचें वेतन! तेथें पोहोंचल्यावर पोटास चिमटा घेऊन त्यांनीं ग्रंथालयांत दिवस काढले. त्या कर्जांतला मोठा वांटा बोटीच्या तिकिटानें नव्हे, तर लंडनांतल्या दिवसांनीं खाल्ला, हें उघड आहे.

आतां विमानाकडे वळूं. ३० मार्च १९२९ रोजीं इंपीरियल एअरवेज कंपनीनें लंडन ते कराची अशी सेवा सुरू केली. कांहीं टप्पा आगगाडीनें, कांहीं विमानानें, असें करीत उतारू सात दिवसांत कराचीस पोहोंचे. भाडें १३० पौंड. त्या वेळच्या दरानें सुमारें १,७३३ रुपये. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं एक लहानसें विमान स्वतः चालवून कराचीची टपाल मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरविली, आणि आमचा प्रांत या वायुमार्गास जोडला गेला. पुढें स्वातंत्र्यानंतर ८ जून १९४८ रोजीं एअर इंडिया इंटरनॅशनलचें 'मलबार प्रिन्सेस' हें विमान पस्तीस प्रवाशांसह मुंबईहून निघालें आणि कैरो व जिनीव्हा या मार्गानें १० जूनला लंडनास उतरलें. वर्तमानपत्रांतील जाहिरातींत भाडें दिलें होतें १,७२० रुपये. एकोणीस वर्षांत जग बदललें, महायुद्ध होऊन गेलें, राज्य पालटलें, आणि रुपयाच्या आंकड्यांत भाडें जवळजवळ जागच्या जागीं राहिलें!

पण १,७२० रुपये म्हणजे किती, हें नुसत्या आंकड्यानें कळत नाहीं. आमच्या घरांतील वडील स्त्रिया ज्या मापानें सर्व कांहीं मोजतात, त्या सोन्याच्या मापानेंच मोजूं. १९४८ मध्यें दहा ग्रॅम सोन्याचा भाव शंभर रुपयांच्या आंतबाहेर होता. आजचा दहा ग्रॅमचा तोळा धरिला, तर त्या भाड्यास सुमारें सतरा-अठरा तोळे सोनें लागलें असतें. आज सोन्यानें लाखाची मर्यादा ओलांडली आहे, आणि हंगाम टाळून, वाटेंत एक मुक्काम सोसून जाणाऱ्यास लंडनचें जाण्यायेण्याचें भाडें एका तोळ्याच्या आंत बसतें. सतरा तोळ्यांचा प्रवास एका तोळ्यावर आला! आमच्या शेतकरी मित्राचें आश्चर्य अगदीं रास्त होतें.

हें कसें घडलें? पहिलें कारण, विमानें मोठीं झालीं. १९४८ च्या विमानांत पस्तीस माणसें. १९७१ सालीं एअर इंडियानें आणिलेल्या जंबो विमानांत तीनशेंहून अधिक. दुसरें कारण, वर्ग निर्माण झाले: अटलांटिक महासागरावर १९५२ सालीं 'टूरिस्ट' आणि १९५८ सालीं 'इकॉनॉमी' वर्ग आला, आणि विमान केवळ श्रीमंतांसाठीं नाहीं हें कंपन्यांनीं मान्य केलें. तिसरें, यंत्रें सुधारून दर माणशीं इंधन कमी लागूं लागलें. तथापि या सोयींचा लाभ आम्हांस उशिरा झाला. १९६० च्या दशकांत परकीय चलनाची टंचाई इतकी होती कीं, विलायतेस जाणारे आमचे विद्यार्थी खिशांत तीन पौंड घेऊन परक्या भूमीवर उतरत. तिकीट हातीं असून खर्चास पैसा नाहीं, अशी ती विचित्र अवस्था होती.

भाड्याच्या एका गुणाविषयीं मात्र प्रत्येक कुटुंबानें सावध असावें. आमच्या भाजीबाजारांत संध्याकाळ झाली कीं मेथीची जुडी स्वस्त होते. कारण उद्यां तिचें मोल राहत नाहीं. विमानाची रिकामी जागाही उड्डाणानंतर तशीच निर्मोल होते. पण विमानकंपनी नेमकें उलट करते. शेवटच्या घटकेस धांवत येणारा मनुष्य निकडीचा असतो, तो वाटेल तें देईल, हें ती जाणते. म्हणून जो दोन-तीन महिने आधीं ठरवितो त्यास बहुधा स्वस्त, आणि जो उशिरा येतो त्यास महाग. शाळांच्या सुट्या, दिवाळी व नाताळ हे दिवस सर्वांत महाग. जानेवारीची अखेर ते मार्च, अथवा नोव्हेंबर, हे दिवस त्या मानानें हलके. आखाती देशांत उतरून पुढें जाणारी वाट पुष्कळदां सरळ वाटेपेक्षां स्वस्त पडते; आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यास यांत गंमत वाटेल कीं, १९३२ पासून इंपीरियल एअरवेजचे उतारूही आखाताच्या त्याच किनाऱ्यावर शारजा येथें रात्र काढीत असत. मात्र दोन निरनिराळीं तिकिटें जोडून स्वस्ताई साधूं नये. पहिलें विमान चुकलें तर दुसरी कंपनी आपली जबाबदारी मानीत नाहीं, आणि वांचविलेले पैसे विमानतळावरच जातात. तीच गोष्ट परवान्याची. व्हिसा हातीं येण्यापूर्वीं परत न होणारें तिकीट काढणें म्हणजे लग्न ठरण्याआधीं मांडव घालणें होय. व्हिसा नाकारला गेला तरी त्याची फी परत मिळत नाहीं. आणि धुळेकरांनीं मुंबईपर्यंतचा महामार्ग व घाट यांचाही वेळ हिशेबांत धरावा. कारण आमचा प्रवास सांताक्रूझला नव्हे, घराच्या उंबरठ्यावर सुरू होतो.

त्या संध्याकाळीं आम्हीं एक कागद घेतला आणि मुलीस म्हटलें, "ताई, तूंच लिही." तिनें एकाखालीं एक लिहिलें: विद्यापीठाची फी, खोलीचें भाडें, जेवण, व्हिसा, तेथील आरोग्यसेवेचा आकार, पुस्तकें, गरम कपडे, आणि सर्वांच्या शेवटीं विमान. बेरीज झाल्यावर तिचे वडील बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले. सर्वांत लहान आंकडा विमानाचा होता. त्यांच्या प्रश्नाचें उत्तर त्यांच्याच मुलीच्या अक्षरांत समोर होतें. रंगो बापूजींस लंडन महाग पडलें तें मुक्कामामुळें, बाबासाहेबांस पडलें तेंही मुक्कामामुळें, आणि आजही तसेंच आहे. स्वस्त झाली ती वाट, नगरी नव्हे. हा भेद न ओळखतां केवळ तिकिटाच्या भरंवशावर जो निघतो, त्याची जमीन जाते.

त्यावर आम्हीं सुचविलें तें इतकेंच: प्रवेश एक वर्ष पुढें ढकलतां येतो का तें विचारावें, आणि महाराष्ट्र शासनाच्या राजर्षि शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसाठीं अर्ज करावा. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं असलेल्या या योजनेंत, निवड झाल्यास, फी आणि निर्वाहभत्ता यांबरोबर विमानाचें भाडेंही मिळतें. ज्या महाराजांनीं एका अध्यापकास लंडनच्या वाटेवर हात दिला, त्यांच्याच नांवानें आज ही वाट खुली आहे, याहून समर्पक स्मारक आम्हांस तरी ठाऊक नाहीं.

विद्यापीठानें एक वर्षाची मुभा दिली आहे. अर्ज गेला आहे. यादी हें लिहीपर्यंत लागलेली नाहीं. जमीन मात्र अद्यापि त्या गृहस्थांच्याच नांवावर असून मृग लागतांच त्यांनीं तिच्यांत कापूस पेरला, असें त्यांनीं परवां फोनवर कळविलें.