जनुकविषाक्तता चाचण्या : संत्रा पट्ट्यातील कार्बेन्डाझिम

रसायनामुळे पेशीतील डीएनए किंवा गुणसूत्रांना इजा होते का आणि त्यातून कर्करोग संभवतो का, हे तपासणाऱ्या प्रयोगशाळेतील चाचण्या. कीटकनाशक कायदा, १९६८ खाली नव्या औषधाची नोंदणी मागणाऱ्या कंपनीला त्यांचे निष्कर्ष सादर करावे लागतात.

संत्रा पट्ट्यातील मोर्शी-वरुड भागात संत्र्याची फळगळ बुरशीमुळे होत असेल, तर कार्बेन्डाझिम फवारतात. या बुरशीनाशकाच्या वेष्टनावर हिरवा त्रिकोण असतो. तो पाहून औषध निर्धोक आहे असा अर्थ सहज काढला जातो, पण तो चुकीचा आहे. त्रिकोणाचा रंग ठरतो तो तत्काळ विषबाधेवरून. प्रयोगातले निम्मे उंदीर दगावण्यास वजनाच्या दर किलोमागे ५,००० मिलिग्रॅमहून अधिक औषध लागले, की रंग हिरवा. वर्षानुवर्षे थोडे थोडे अंगात गेल्यास गुणसूत्रांचे काय होते, याबद्दल हा रंग काहीच सांगत नाही.

त्याचे उत्तर शोधण्याची सुरुवात बहुधा एम्स चाचणीने होते. अमेरिकेतील बर्कली येथे ब्रूस एम्स यांनी ती १९७०च्या दशकात विकसित केली. हिस्टिडीन हे अमिनो आम्ल स्वतः बनवू न शकणारे साल्मोनेला जीवाणू जवळपास हिस्टिडीन नसलेल्या माध्यमावर रसायनासह वाढवतात. रसायनाने उत्परिवर्तन घडवले, तर काही जीवाणूंना ती क्षमता परत मिळते आणि दोनेक दिवसांत त्यांच्या वसाहती मोजता येतात. यकृतात गेल्यावरच घातक होणारी रसायने निसटू नयेत, म्हणून उंदराच्या यकृताचा अर्कही मिसळतात.

कार्बेन्डाझिमचे खरे रूप मात्र या चाचणीत दिसत नाही. ते डीएनएच्या अक्षरांना फारसा धक्का लावत नाही. पेशी विभागताना गुणसूत्रे दोन्हीकडे ओढून नेणारे ट्युब्युलिनचे तंतू ते बिघडवते. बुरशी मरते ती यामुळेच. जीवाणूंत असे विभाजन होतच नाही, मग दोष दिसणार कुठून? त्यासाठी सूक्ष्मकेंद्रक चाचणी लागते. उंदराच्या अस्थिमज्जेतील किंवा काचपात्रात वाढवलेल्या पेशींत, मुख्य केंद्रकाबाहेर राहिलेल्या गुणसूत्रांचे लहान गोळे सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. येथे कार्बेन्डाझिमचा परिणाम स्पष्ट दिसतो. युरोपीय संघाच्या वर्गीकरणात ते जनुकीय दोष निर्माण करू शकणारे रसायन आहे. एका चाचणीत नापास झाले नाही म्हणून औषधाला सुरक्षित ठरवू नये, याचे इतके ठळक उदाहरण क्वचितच मिळेल.

अशा तंतुबाधक रसायनांना सुरक्षित मर्यादा असते, असे बहुतेक विषशास्त्रज्ञ मानतात. काही तंतू निकामी झाले तरी उरलेल्यांवर काम भागते. जागतिक आरोग्य संघटना व अन्न-शेती संघटनेच्या संयुक्त बैठकीने कार्बेन्डाझिमची रोजची मर्यादा वजनाच्या दर किलोमागे ०.०३ मिलिग्रॅम ठरवली आहे.

कर्करोगाची थेट तपासणी सर्वांत खर्चिक. प्रत्येक मात्रेसाठी साधारण ५० नर व ५० मादी उंदरांना दोन वर्षांपर्यंत रसायन खाऊ घालून प्रत्येक अवयव तपासतात. कार्बेन्डाझिमने पांढऱ्या उंदरांच्या काही जातींत यकृताच्या गाठी झाल्या. मॅन्कोझेब या दुसऱ्या बुरशीनाशकापासून तयार होणाऱ्या ईटीयू या रसायनामुळे मोठ्या उंदरांत थायरॉइडच्या गाठी होतात, त्याही डीएनएला सरळ इजा न करता, संप्रेरकांचा तोल बिघडवून. ही दोन बुरशीनाशके एकत्र असलेले तयार मिश्रण बाजारात सर्रास मिळते.

२०१२ साली अमेरिकेने ब्राझीलच्या संत्रारसात कार्बेन्डाझिम सापडल्यावर आयात मालाची तपासणी सुरू केली व दोषी माल अडवला. भारताने २०१८ मध्ये बेनोमिलवर बंदी घातली. बेनोमिल शरीरात व मातीत गेल्यावर कार्बेन्डाझिमच बनते. मे २०२० मध्ये केंद्राने २७ कीटकनाशकांवरील बंदीचा मसुदा काढला, त्यात कार्बेन्डाझिम व मॅन्कोझेब दोन्ही होती. २०२३च्या अंतिम बंदीत मात्र ती नव्हती.

नोंदणीसाठीच्या चाचण्या एकेका औषधावर किंवा ठरलेल्या तयार मिश्रणावर होतात. फवाऱ्याच्या टाकीत बांधावर कालवलेली दोन-तीन औषधे त्यांत येत नाहीत. म्हणून हिरव्या त्रिकोणाचे औषध कालवतानाही हातमोजे व तोंडाला आवरण हवेच.