धुरांड्याचा कंठ

कुंभकोणम्‌जवळचे तिरुनीलक्कुडी हे नीलकंठेश्वराचे गाव. हलाहलाचा दाह शमावा म्हणून येथील लिंगास तेलाचा अभिषेक करतात आणि ते तेल पाषाणात जिरते, अशी या क्षेत्राची ख्याती आहे. व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तंजावर घेतल्यापासून १७९९ पर्यंत हा मुलूख भोसल्यांच्या अमलाखाली होता. मराठी माणसास तो अगदीच परका नाही. याच कावेरीच्या खोऱ्यात उकड्या तांदळाच्या गिरण्यांची धुरांडी दिसतात. विष वाहणारा कंठ म्हणजे धुरांडे. त्याचा इतिहास नीलकंठाच्या गावी आठवावा, हे योग्यच होय.

धुरांडे ओढते ते धुराच्या उष्णतेमुळे. बाहेरची हवा ३० अंशांवर व धूर २५० अंशांवर असेल, तर ३० मीटर उंचीच्या धुरांड्यास सुमारे १५ मिलिमीटर पाण्याच्या दाबाइतकी ओढ मिळते. धूर ५० अंशांवर आला की तीच ओढ जेमतेम दोन मिलिमीटर उरते. सारांश, धुरांडे उधळपट्टीवर जगते.

ही उधळपट्टी रोखण्याचा मोठा प्रयत्न वेकफील्डच्या एडवर्ड ग्रीन यांनी १८४५ साली केला. बॉयलर व धुरांडे यांच्यामध्ये नळ्या बसवून त्यांनी जाणाऱ्या धुराकडून बॉयलरचे पाणी तापवून घेतले. परंतु कोळशाच्या धुरात गंधक असे. धूर फार निवाला की आम्ल तयार होऊन लोखंड खाई. म्हणून बचतीस मर्यादा पडली.

१९७३ च्या तेलसंकटानंतर ती मर्यादा ओलांडली गेली. नैसर्गिक वायूत गंधक अत्यल्प. त्याचा धूर सुमारे ५५ अंशांखाली निवविला की त्यातील वाफेचे पाणी होते आणि वाफेत दडलेली उष्णताही हाती येते. हॉलंडने हे बॉयलर घराघरांत नेले. इंग्लंडात २००५ पासून नव्या वायूबॉयलरांस, काही अपवाद सोडता, हा प्रकार सक्तीचा झाला.

मात्र जुने विटांचे धुरांडे या गार, ओल्या धुरास पेलवत नाही. आम्लयुक्त पाणी चुना व विटा पोखरते. ओढ नसल्यामुळे धूर पंख्याने ढकलावा लागतो, आणि दाबाखालचा धूर फटींतून खोल्यांत शिरतो. त्यात रंग नाही, वास नाही असा प्राणघातक कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. म्हणून जुन्या धुरांड्यात प्लास्टिकची वा गंज न चढणाऱ्या पोलादाची बंद नळी वरपर्यंत सोडतात आणि साचणारे पाणी मागे वाहावे म्हणून आडव्या भागास बॉयलरकडे उतार देतात. त्याच धुरांड्यावर दुसरी जुनी शेगडी चालू ठेवणे तर घातकच.

परदेशी स्थिरावलेल्या आपल्या मुलाबाळांच्या घरी असा बदल होत असेल, तर किती इंधन वाचेल हे विचारण्याआधी धूर कोठून जाणार, हे विचारावे. जुन्या भिंतीचा आधार घेण्यास हरकत नाही. कंठ मात्र आतून नवा हवा.