शिमल्याचं गेइटी थिएटर

आज किल्ला नाही, लढाई नाही. आज एका नाट्यगृहाची गोष्ट.

शिमल्याच्या मॉल रोडवरचं गेइटी थिएटर उघडलं 1887 साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात. वास्तुविशारद हेन्री अर्विन. तिथला व्हाइसरॉयचा वाडाही त्याचाच. मूळ इमारत चांगली पाच मजली. थिएटरखेरीज नाचाचं दालन, शस्त्रागार, पोलिसांची कचेरी, सगळं एकाच छपराखाली! पण डोंगरउतारावर एवढं ओझं पेलवेना. पंचवीसेक वर्षांतच वरचे मजले उतरवावे लागले. नाचाचं दालन गेलं, थिएटर वाचलं. किपलिंग या रंगमंचावर काम करून गेला होता. साहेबलोकांची हौशी नाटकं, त्यात आमच्या पेशातले अधिकारीही हौसेनं तोंड रंगवायचे.

पुढे हिमाचल सरकारने जनतेच्या पैशातून जीर्णोद्धार केला. काम पाचेक वर्षं चाललं, 2009 मध्ये दारं उघडली. पाडलेले मजले पुन्हा चढवले नाहीत, हे मला शहाणपणाचं वाटतं. उरलं ते सांभाळलं, शिवाय प्रदर्शनाचं दालन आणि बहुउद्देशीय सभागृह केलं.

मी तिथे मागच्या रांगेत बसून हिंदी नाटक पाहिलंय. माईक नव्हता, तरी नटाचं पुटपुटणंही ऐकू येत होतं. साहेबाच्या थिएटरवर आपला पैसा कशाला, असं मला कुणी विचारलं, की मी विचारतो, आज तिथे नाटक कोण करतं? शिमल्याचीच पोरं. भाडं त्यांच्या खिशाला परवडतंय ना, एवढं सरकारने पाहावं.