प्रोजेक्ट आयजीआय, डूम, हाफ-लाइफ : जुने शूटर गेम आज कायदेशीर कसे मिळतात?

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन वाशिम जिल्हा झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत ‘हाफ-लाइफ’ बाजारात आला. दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पण जिल्ह्याच्या वयाची जी पिढी आज वाशिम, रिसोड, कारंज्यात कामधंद्याला लागली आहे, तिचं शाळकरी वय याच काळातल्या शूटर गेमवर गेलं. गेम यायचा तो मित्राच्या सीडीवरून, नाहीतर कॅफेतल्या कॉम्प्युटरवरून पेन ड्राइव्हमध्ये. बिल कोणी मागायचं नाही आणि कोणी द्यायचंही नाही.

आता तोच गेम पुन्हा खेळावासा वाटतो, तेव्हा प्रश्न पडतो. वीस-पंचवीस वर्षं जुना गेम, फुकट उतरवला तर बिघडलं काय?

आयजीआयचं वेड

भारतात जुन्या शूटरचा विषय निघाला की पहिलं नाव ‘प्रोजेक्ट आयजीआय’चंच येतं. नॉर्वेच्या इनरलूप स्टुडिओजने तो बनवला आणि डिसेंबर २००० मध्ये तो आला. नायक डेव्हिड जोन्स, एकूण १४ मिशन. मिशनच्या मध्ये गेम सेव्ह करायची सोयच नव्हती. शेवटच्या वळणावर गोळी लागली की पुन्हा पहिल्यापासून, आणि कॅफेचं मीटर तिकडे चालूच. दुसरा भाग २००३ मध्ये आला आणि त्याच वर्षी इनरलूप बंद पडली.

इथेच बहुतेकांचा गैरसमज होतो. कंपनी बंद झाली म्हणजे गेम बेवारस झाला, असं नसतं. हक्क कोणाकडे तरी जातात, विकले जातात. आयजीआयचे दोन्ही भाग आज गॉग या साइटवर रीतसर विकत मिळतात.

‘जुना म्हणून फुकट’ असं काही नाही

कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि त्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅमला साहित्यकृतीसारखंच संरक्षण आहे. साहित्यकृतीवरचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं चालतो. त्या हिशेबाने १९९३ चा ‘डूम’ अजून कोवळाच म्हणायचा. इंटरनेटवर अशा गेमना ‘अबँडनवेअर’ म्हणतात, पण हा शब्द आपल्या कायद्यात कुठेही नाही. हक्क सोडायचाच असेल तर कलम २१ प्रमाणे मालकाने कॉपीराइट निबंधकाला कळवावं लागतं किंवा जाहीर नोटीस द्यावी लागते. नुसतं विकणं थांबवलं म्हणजे हक्क सोडला, असं होत नाही.

शिक्षेचं काय? घरी खेळणारा आणि गेम भरून देणारा यांच्यात कायदा फरक करतो. चोरीची प्रत आहे हे माहीत असून प्रोग्रॅम वापरला तर कलम ६३ब लागू होतं. किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. वापर कमाईसाठी किंवा धंद्यात नसेल तर न्यायालय कैद माफ करून ५० हजारांपर्यंतच्या दंडावर भागवू शकतं.

दुकानदाराचं गणित वेगळं. पैसे घेऊन गेम कॉपी करून देणं हे कलम ६३ मध्ये येतं, ६ महिने ते ३ वर्षं. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचा निकाल दिला, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. मेमरी कार्ड, पेन ड्राइव्ह ‘फुल्ल भरून’ देणाऱ्या मोबाइल दुकानांनी आणि गेमिंग कॅफेवाल्यांनी हे माहीत करून घेतलेलं बरं. पोरगं दंडावर सुटू शकतं, दुकानदाराचं तसं नाही.

कायद्याआधीची अडचण मात्र वेगळीच असते. क्रॅक चालवायचा तर ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना असते. ज्या लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार, महाडीबीटीचे अर्ज आणि आधारची पीडीएफ आहे, त्यावर हे करणं म्हणजे दाराला कुलूप न लावता यात्रेला जाणं.

विकत घ्यायचे तर

स्टीमवर २०१५ पासून रुपयांत किमती दिसतात. सेलच्या दिवसांत कित्येक जुने शूटर सिनेमाच्या तिकिटापेक्षा स्वस्त असतात. जुना गेम नव्या विंडोजवर चालेल का, ही शंका रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे परतावा. खरेदीला १४ दिवस झाले नसतील आणि खेळ २ तासांहून कमी झाला असेल, तर स्टीम पैसे परत करतं. गॉगची मुदत ३० दिवसांची. शिवाय गॉगवर इन्स्टॉलरची फाइल उतरवून स्वतःकडे ठेवता येते, नंतर इंटरनेट लागत नाही. गावात रेंज येते-जाते तिथे हा मुद्दा लहान नाही.

खिशात पैसे नसतील तरी कायदेशीर वाट आहे. ‘डूम’चा पहिला भाग १९९३ मध्येच फुकट वाटण्यासाठी दिला होता. उरलेल्या भागांचे तेवढे पैसे होते. इड सॉफ्टवेअरने १९९७ मध्ये डूमचा सोर्स कोडही खुला केला. चित्रं, आवाज आणि नकाशे मात्र खुले केले नाहीत, म्हणून स्वयंसेवकांनी ते नव्याने तयार करून ‘फ्रीडूम’ बनवला. तो पूर्ण फुकट आहे आणि वाटायलाही मोकळा आहे. हाफ-लाइफच्या पंचविशीला, नोव्हेंबर २०२३ मध्ये, वाल्व्हने काही दिवस तो फुकट दिला होता. तेव्हा घेतला त्यांच्या खात्यात तो कायमचा राहिला.

घरात जुनी खरी सीडी असेल तर कलम ५२ प्रमाणे खबरदारी म्हणून तिची प्रत करून ठेवता येते. मात्र जुन्या सेफडिस्क संरक्षणाच्या सीडी विंडोज १० पासून चालतच नाहीत. अशा वेळी सेलमध्ये तोच गेम पुन्हा घेणं सोपं पडतं.

जो विकतच मिळत नाही, त्याचं काय?

पायरसीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा हा एकच मुद्दा खरोखर जड आहे. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासात अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम आज बाजारात मिळत नसल्याचं दिसलं. शूटरमधलं गाजलेलं उदाहरण म्हणजे २००० चा ‘नो वन लिव्हज फॉरएव्हर’. समीक्षकांनी डोक्यावर घेतलेला गेम, पण त्याचे हक्क नेमके कोणाचे हा गुंता कंपन्यांच्या खरेदी-विक्रीत असा पडला की स्टीम किंवा गॉगवर तो आलाच नाही. तो हवा असेल तर जुनी खरी सीडी सेकंडहँड शोधायची, एवढाच कायदेशीर मार्ग उरतो.